पिशव्या खोलाव काय?

"मॅडम, पास निघून नाही राहिला."

वनिताचा फोन आला तेव्हा सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. पास का निघत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. अर्ध्या तासापूर्वी मीच एक बटण दाबलं होतं.

मी म्हटलं, "तिकडचं नेट बघ गं. राऊटर एकदा बंद करून चालू कर."

"हाव मॅडम," म्हणून तिने फोन ठेवला.

मी डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आहे. नागपूरच्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीसाठी भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या घरून काम करते. चौदा वर्षं हेच करतेय. डेटाबेस म्हणजे जिथे सगळी माहिती साठवलेली असते ती जागा. ती सांभाळणं, तिचा बॅकअप घेणं, ती मंद झाली तर का झाली ते शोधणं, हे माझं काम.

वनिता आमच्या एका क्लायंटकडे ऑपरेटर आहे. हा क्लायंट म्हणजे कारध्याच्या पुढे असलेलं मत्स्यबीज केंद्र. तिथे रोहू, कतला, मृगळ यांची पिल्लं वाढवतात आणि तलावात सोडायला गावोगावच्या मच्छीमार संस्थांना देतात. बोटाएवढी झालेली पिल्लं, त्यांना बोटुकली म्हणतात, प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत भरायची. पिशवीत थोडं पाणी, वर ऑक्सिजन, तोंडाला घट्ट रबर. मग गाडी निघते. कुठल्या संस्थेला कुठल्या जातीच्या किती पिशव्या, याची नोंद आमच्या सॉफ्टवेअरमध्ये होते आणि त्यावरून छापील पास निघतो. मागे एकदा एका गावाला कतल्याऐवजी रोहू गेला होता. तेव्हापासून केंद्राचे मालक देवानंदभाऊ यांचा नियम होता की पास हातात असल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जाणार नाही.

आता बटणाचं सांगते.

आमचा डेटाबेस क्लाउडवर आहे. म्हणजे मशीन आमच्या ऑफिसात नाही. दूर कुठल्यातरी डेटा सेंटरमधली मशीन आणि डिस्क आम्ही भाड्याने वापरतो. डिस्कचे प्रकार असतात. आमची डिस्क जुन्या प्रकारची होती, फिरत्या चकतीची. नव्या प्रकारात फिरणारं काही नसतं, त्यामुळे ती बरीच वेगाने वाचते आणि लिहिते. या बदलाला स्टोरेज टाइप बदलणं म्हणतात. करायला सोपं दिसतं. एका स्क्रीनवर जायचं, यादीतून दुसरं नाव निवडायचं, पुढे, पुढे, ओके. आतून मात्र सगळा डेटा एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर उचलून न्यावा लागतो. सुरुवातीला थोडा वेळ डेटाबेस बंद होतो, मग चालू होतो, पण हलवाहलव संपेपर्यंत रखडत चालतो. राइस मिल चालू ठेवून तिचं गोदाम हलवायला घेतल्यासारखं. हमाल तेच, दार एकच.

शेवटच्या पानावर दोन पर्याय येतात. बदल आत्ताच करायचा, की मेंटेनन्स विंडोमध्ये करायचा. मेंटेनन्स विंडो म्हणजे अशा कामांसाठी आधीच ठरवून ठेवलेली वेळ. आमची रविवार दुपारची होती, कारण रविवारी केंद्रातून गाड्या जात नाहीत. खूण आपोआप दुसऱ्या पर्यायावर असते. मी ती स्वतःच्या हाताने काढून पहिल्यावर केली.

त्याला कारण होतं, पण चांगलं नव्हतं. निखिल माझा बॉस. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, हुशार, घाईचा. आदल्या आठवड्याच्या मीटिंगमध्ये त्याने विचारलं होतं, "ताई, ते स्टोरेजचं झालं का?" मी म्हटलं होतं, "ऑलमोस्ट." प्रत्यक्षात मी हातही लावला नव्हता. त्या दिवशी बारा वाजता परत मीटिंग होती. आणि हा बदल मी आधी एका कॉपीवर करून पाहिला होता, तिथे आठ मिनिटं लागली होती. कॉपी लहान व्हावी म्हणून मी तिच्यातून जुन्या पासांचे फोटो काढून टाकले होते. खऱ्या डेटाबेसमध्ये तीन वर्षांचे फोटो होते. हे मला सकाळी सात चाळीसला आठवलं नाही. आठवलं आठ पाचला, जेव्हा स्टेटस पुढे सरकेना.

एकदा सुरू झालेला हा बदल मध्येच थांबवता येत नाही. आणि संपल्यावरही काही तास परत दुसरा बदल करू देत नाहीत. हे डॉक्युमेंटमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं. मी ते वाचून पुढे गेले होते.

आठ चाळीसला वनिताचा दुसरा फोन. "मॅडम, राऊटर दोनदा बंद केला. स्क्रीन फिरूनच राहिली. दिघोरीची गाडी भरून उभी आहे ना."

दिघोरी म्हणजे लाखांदूर तालुक्यातलं गाव. पिकअपने दोन तासांवर. तिथली मच्छीमार संस्था दरवर्षी याच केंद्रातून बीज नेते.

"पाच मिनिटं दे," मी म्हटलं.

मी क्लाउड कंपनीच्या सपोर्टला विचारलं. त्यांचं उत्तर नम्र होतं. काम चालू आहे, संपण्याची नक्की वेळ सांगता येणार नाही, मोठा डेटा असेल तर कित्येक तास लागू शकतात. मी ते दोनदा वाचलं. निखिलला फोन करायला मोबाइल उचलला आणि खाली ठेवला. मनात म्हटलं, सुटेल आता.

सव्वानऊला परत फोन. या वेळी वनिताच्या मागून कुणीतरी बोलत होतं.

"मॅडम, तुळशीरामकाका विचारून राहिले, पिशव्या खोलाव काय म्हणते. मासोळ्या परत हाप्यात सोडतो म्हणते."

हापा म्हणजे टाक्यात बांधलेली बारीक जाळीची पेटी. तुळशीरामकाका हे केंद्रातले पॅकिंगवाले. सगळ्यात जुना माणूस. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, नाव तेवढं ऐकून होते. ते पिशवी रस्त्याच्या हिशोबाने भरत. दूरचं गाव असेल तर पिशवीत कमी पिल्लं, जवळचं असेल तर जास्त. दिघोरीची पिशवी चार तासांच्या हिशोबाने भरलेली होती. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण माहीत नव्हतं तर विचारता आलं असतं.

"किती वेळ लागन तेवढं सांगा म्हणते," वनिता म्हणाली.

मागून काकांचा आवाज आला. "ऊन निघालं ना बाई."

त्या दिवशी उघाड होती. जुलैमधली उघाड, चटका देणारी. माझ्या समोरच्या स्क्रीनवर सपोर्टचं उत्तर उघडंच होतं. 'कित्येक तास.' ते वाचून दाखवायला दहा सेकंद लागली असती. पण मग वनिताने विचारलं असतं, कायचे तास? आणि मला सांगावं लागलं असतं.

"नको खोलू म्हणावं," मी म्हटलं. "पाच मिनिटांत होते."

या गोष्टीत माझी चूक कुठली असं कुणी विचारलं तर बहुतेक लोक बटणाकडे बोट दाखवतील. मी या वाक्याकडे दाखवते.

त्यानंतर मी 'पाच मिनिटं' आणखी तीनदा म्हटलं. नऊ पन्नासला, साडेदहाला आणि अकराला. मधल्या वेळात मी काय केलं? रिपोर्ट बंद केले, नको असलेली कनेक्शन तोडली, म्हणजे पास छापायला थोडी वाट मोकळी होईल. काही उपयोग झाला असेलही. अकरा दहाला दिघोरीचा पास निघाला. एका पासाला तीन मिनिटं लागली, पण निघाला. गाडी सुटली.

बारा वाजता मीटिंग.

"ताई, स्टोरेज?"

"झालं. सकाळी थोडा स्लोनेस होता."

"क्लायंट काही बोलला का?"

"त्यांच्याकडे नेटचा प्रॉब्लेम होता."

"ग्रेट," निखिल म्हणाला आणि पुढच्या मुद्द्यावर गेला.

दुपारी अडीचला वनिताने फोन केला. तिचा आवाज बारीक झाला होता. दिघोरीला तलावाच्या काठावर पिशव्या उतरवल्या, तर बहुतेक पिशव्यांत पिल्लं पोट वर करून तरंगत होती. जी जिवंत होती ती पाण्यात सोडल्यावर कलंडली. संस्थेचे अध्यक्ष श्रावणजी यांनी तिथूनच देवानंदभाऊंना फोन लावला होता. ऑक्सिजन भरताना तुमच्या माणसाने हात आखडला, असं त्यांचं म्हणणं.

"मग?" मी विचारलं.

"मग भाऊ काकावर लय चिडले. तुमी झोपेत भरता काय म्हणे."

"आणि काका काय म्हणाले?"

"काही नाही. उभे राहिले."

मी म्हटलं, "अरे बाप रे." दुसरं काही म्हटलं नाही.

आमच्या कंपनीत अशा वेळी एक रिपोर्ट लिहायचा असतो. काय झालं, का झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. 'का झालं' याला रूट कॉज म्हणतात, मूळ कारण. देवानंदभाऊंनी पास उशिरा निघाल्याची तक्रार केली होती, म्हणून निखिलने रिपोर्ट मागितला. मी लिहिलं: साइटवरील नेटवर्क अस्थिर होते. त्याच वेळी नियोजित स्टोरेज बदल सुरू असल्याने किंचित परिणाम झाला असण्याची शक्यता. इंग्रजीत ते आणखी सभ्य दिसत होतं. मी ते पाठवलं आणि जेवायला बसले. जेवण गेलं नाही, पण रिपोर्ट गेला.

एक आठवडा असाच गेला. नवी डिस्क छान चालत होती. पास दोन सेकंदांत निघत होते. निखिलने ग्रुपवर अंगठा टाकला. त्या अंगठ्याकडे बघवेना, म्हणून मी ग्रुप म्यूट केला.

मग वनिताचा फोन आला. काम काहीच नव्हतं. इकडचं तिकडचं बोलली आणि म्हणाली, "मॅडम, एक विचारू काय? रागावणार नाही ना?"

"विचार ना."

"मी त्या दिवशी राऊटर चार वेळा बंद केला. त्याच्यानं तर नाही ना झालं? मले रोज तेच वाटते. काकाले भाऊनं पॅकिंगवरून काढलं. बांधावरचं गवत कापाले लावलं. आपल्या पोरीसारखं शिकवलं त्यायनं मले इथं. आन् माह्यामुळंच झालं असन तर…"

मी तिला खोटं सांगितलं होतं, आणि ती त्या खोट्यावर आठ दिवस स्वतःला दोषी धरून बसली होती.

"वनिता, राऊटरमुळे काही झालं नाही," मी म्हटलं. "भाऊ आहेत का आज?"

"हाव, आहेत."

"मी येते."

शहापूरहून कारधा काही लांब नाही. भंडारा ओलांडला, वैनगंगेवरचा पूल ओलांडला की आलं. स्कूटीने अर्धा तास. त्या अर्ध्या तासाच्या अंतरावरून मी तीन तास फोनवर पाच-पाच मिनिटं वाटत बसले होते. त्या सकाळी स्कूटी काढून गेले असते तरी भरलेली गाडी डोळ्यांनी दिसली असती.

देवानंदभाऊ ऑफिसात होते. मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं. डिस्क बदलायला मी काढली, चुकीच्या वेळी काढली, वेळ लागणार हे मला नऊच्या आधी कळलं होतं, आणि पिशव्या खोलू नका असं मी सांगितलं.

ते ऐकत होते. मग म्हणाले, "तुमच्या कंपनीचा कागद तर मले वेगळाच आला."

"तो मीच लिहिला. खोटा लिहिला."

"मॅडम, तुमी नवाला सांगतलं असतं ना, दुपार होते म्हणून, तर मी हातानं पास लिहून दिला असता. नियम मीच बनवला, मीच मोडला असता. कागदाचा एक तुकडा तर होता."

त्यांनी वनिताला काकांना बोलवायला पाठवलं. तुळशीरामकाका आले ते विळा हातात घेऊनच. सत्तरीकडे झुकलेले, वाळलेले, अंगावर बनियन. देवानंदभाऊ म्हणाले, "काका, ह्या कॉम्प्युटरवाल्या मॅडम. ह्यायचं ऐका."

मी परत सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना सोपं जाईल असं वाटलं होतं. उलट गेलं. डिस्क, डेटा हे शब्द त्यांच्यापुढे अगदी पोकळ वाटत होते. शेवटी म्हटलं, "काका, तुम्ही बरोबर विचारलं होतं. मी खोटं उत्तर दिलं."

त्यांनी विळा भिंतीला टेकवून ठेवला.

"मले समजलं होतं," ते म्हणाले. "पिशवीले हात लावला का समजते. पाणी गरम होऊन राह्यलं होतं. मी खोलणारच होतो. वनिता म्हणे, मॅडम म्हणते पाच मिनिटं. म्हटलं, शिकलेल्या बाई आहेत, त्यायले माहीत असन."

"माफ करा काका."

"माफीचं राहू द्या," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. "मी का बोललो नाही, ते भाऊले सांगाचं होतं मले. पण मले वाटलं, मी खोलतो म्हणलो तरी खोललं नाही, तर चूक माहीच."

म्हणजे तेही स्वतःलाच धरून होते. एका माणसाने जबाबदारी टाकली तर ती जमिनीवर पडत नाही. ज्याला जास्त लाज आहे तो उचलतो.

संध्याकाळी निखिलला फोन केला. तो चिडला, पण माझ्या अपेक्षेपेक्षा वेगळ्या जागी. "ताई, डाउनटाइम होतो. माझ्याकडूनही झालाय. पण तुम्ही मला मीटिंगमध्ये खोटं सांगितलंत आणि मी तेच क्लायंटला सांगितलं." खरा रिपोर्ट गेला. त्यात माझं नाव होतं. तीन महिने मला खऱ्या डेटाबेसला एकटीने हात लावायची परवानगी नव्हती. माझ्यापेक्षा नवीन असलेली एक मुलगी प्रत्येक बदलाला ओके द्यायची. ते योग्यच होतं.

दिघोरीला दुसऱ्या खेपेचं बीज दोन दिवसांनी जाणार होतं. पॅकिंग तुळशीरामकाकांनी केलं. मी देवानंदभाऊंना विचारलं, मी गाडीसोबत जाऊ का? ते म्हणाले, "जा. श्रावणजीले तुमीच सांगा. मी सांगतलं तर त्यायले वाटन, मालकानं आपल्या माणसावर पांघरूण घातलं."

पिकअपमध्ये ड्रायव्हर, मध्ये काका आणि खिडकीशी मी. दोन तासांत काका दोनदा बोलले. एकदा ड्रायव्हरला गाडी हळू घे म्हणून, एकदा मला काच खाली करा म्हणून.

तलावावर संस्थेची सात-आठ माणसं उभी होती. श्रावणजी ठेंगणे, पांढऱ्या टोपीतले. मी त्यांना बाजूला घेतलं आणि जमेल तितक्या साध्या शब्दांत सांगितलं. कॉम्प्युटरचं काम मी चुकीच्या वेळी काढलं. गाडी माझ्या शब्दावर थांबली. भरणाऱ्याची चूक नव्हती.

"मंग तवाच काहून नाही सांगतलं?"

"लाज वाटली."

"आता नाही वाटून राहिली?"

"आता जास्त वाटते."

"हं," ते म्हणाले. "बाई, आमचे बावीस घरं ह्या तलावावर आहेत. तुमाले माहीत होतं काय?"

"नाही."

"नाहीच म्हणा," ते म्हणाले आणि वळून काकांकडे गेले. "तुळशीराम, मी त्या दिवशी फोनवर जे बोललो…"

काका पाण्यात उतरले होते. वळून न बघता म्हणाले, "आधी पिशव्या पाण्यावर ठेवा. पाणी सारखं होऊ द्या. मंग खोलू."

पिशव्या तलावावर तरंगत ठेवल्या. आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी सारखं गार होईपर्यंत सगळे थांबले. मग काकांनी एक-एक रबर काढून तोंड तिरपं केलं. पिल्लं बाहेर आली, क्षणभर थबकली आणि गेली. श्रावणजी गुडघाभर पाण्यात काकांच्या शेजारी उभे राहून पिशव्या धरत होते. त्यांचं पुढे काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. ते मी ऐकायचं नव्हतंच.

बीज उशिरा पडलं, त्यामुळे त्या वर्षी दिघोरीचा मासा लहान निघाला. हे मला वनिताने उन्हाळ्यात सांगितलं. तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही, पण मी लिहून ठेवलं. काका परत पॅकिंगवर आहेत. देवानंदभाऊंनी नियम बदलला आहे. पास नसला आणि काका म्हणाले निघा, तर गाडी निघते. केंद्रात गेले की काका मला चहा घेता काय विचारतात. त्याच्यापुढे बोलणं जात नाही, आणि मी ते नेत नाही.

आता कुठलाही बदल काढायच्या आधी मी क्लायंटला एक कागद पाठवते. त्यात 'किती वेळ लागेल' असा एक रकाना आहे. बहुतेक वेळा मी तिथे लिहिते, 'नक्की सांगता येत नाही.' निखिलला हे आवडत नाही. तो म्हणतो, असं वाचून क्लायंट घाबरतात. घाबरू देत. घाबरलेला माणूस निदान विचारतो, तोवर आम्ही आमचं काम कसं चालवायचं? त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर असतं: तोवर कागदावर हाताने लिहा.